सोहमच्या औषधाबद्दल, बॉस्टनहून

प्रिय आई-बाबा,

मी मजेत आहे, आधी तेच लिहिते. जेवण वेळेवर होतं, कोट जाडच घेतलाय आणि आमच्या लॅबची ग्रँट चालू आहे, त्यामुळे टीव्हीवर अमेरिकेत रिसर्चचे पैसे कापले असं दाखवलं की लगेच माझी नोकरी गेली असं समजू नका. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर दादाचा सोहम बाजूलाच बसलेला असतो आणि मला त्याच्या सिकलसेलबद्दलच लिहायचंय.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण वाचलं. बातमी खरी आहे. 2023 च्या शेवटी आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने सिकलसेलवरच्या, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजारावरच्या, क्रिस्पर (जीनमध्ये नेमका बदल करण्याचं तंत्र) उपचाराला मंजुरी दिली, कॅसजेव्ही म्हणतात त्याला. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते असलं की पेशी वाकड्या होत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद पडतं, आणि ते बंद ठेवतो बीसीएल11ए नावाचा जीन. हे 2008 साली इथल्याच, बॉस्टनच्या, डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमने दाखवलं. आठवतं ना, सोहम पहिले काही महिने किती टुणटुणीत होता, मग एकदम हातापायांची बोटं सुजायला लागली आणि आपण नजर लागली म्हणत बसलो, ते याचमुळे. आता पेशंटच्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढतात, त्यांच्यातला हा जीन लाल पेशींपुरता ढिला पाडतात आणि त्याच पेशी त्याला परत देतात. ट्रायलमध्ये 31 पैकी 29 पेशंटना सलग वर्षभर तरी मोठा क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, आला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅबमध्येच रडले होते.

पण आई, "तू तिथंच काम करतेस तर थोडं औषध आणता येत नाही का" असं परत विचारू नकोस गं. ते बाटलीत भरून आणता येत नाही, ज्याच्या त्याच्या पेशींपासूनच बनतं. आणि पेशी परत द्यायच्या आधी जोरदार केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करतात, काही आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मंजुरी मिळाली ती 12 वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटसाठी, आपला सोहम सात वर्षांचा आहे. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा कोटींच्या वर. मी काही लपवत नाहीये, जमण्यासारखं असतं तर एव्हाना त्याला घेऊन आले असते.

माझं काम यातलं छोटंसं आहे. एका पारदर्शक चिपवर केसापेक्षा बारीक नळ्या असतात, त्यातून रक्त सोडायचं आणि ऑक्सिजन हळूहळू कमी करायचा. गोल पेशी बघता बघता लांबट होतात, टोकं येतात, मग एक अडकते आणि तिच्यामागे सगळ्या तुंबतात. ऑक्सिजन परत दिला की बऱ्याचशा पुन्हा गोल होतात. रात्री सोहमचा गुडघा का ठणकतो ते मला रोज डोळ्यांनी दिसतं, आणि तो ॲडमिट होता तेव्हा मी इथे दुसऱ्यांचं रक्त बघत बसले होते.

बर्फाचं विचारलं होतंस. पडतो भरपूर, पण इथली खरी अजब गोष्ट खुर्चीची. वादळानंतर रस्त्यावरची आपली गाडी फावड्याने उकरून काढायची, आणि ऑफिसला जाताना त्या रिकाम्या जागेवर घरातली एक जुनी खुर्ची ठेवून जायची. खुर्ची नाहीतर कचऱ्याचा डबा, इस्त्रीचं टेबल, काहीही चालतं. मग ती जागा तुमची. रस्ता सरकारी, पार्किंग सगळ्यांचं, तरी त्या खुर्चीला कोणी हात लावत नाही, लावला तर भांडणं होतात, टायर फोडल्याचंही ऐकलंय. महापालिकासुद्धा बर्फाची इमर्जन्सी संपल्यावर 48 तास हे चालवून घेते, मात्र साउथ एंड भागात चालत नाही. माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे मला कसलाच धोका नाही.

बाबा, आशा सोडू नका. ब्लड कॅन्सरची कार-टी थेरपी (त्यातही पेशंटच्याच पेशी बदलून परत देतात) अमेरिकेत तीन-चार कोटींची, ती आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून मुंबईत बनवली, 2023 मध्ये मंजुरी मिळाली, खर्च त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला. सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने स्वतःचा क्रिस्पर उपचार तयार केलाय, बिरसा 101 नावाचा, आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झालाय. सोहम मोठा होईपर्यंत काहीतरी नक्की हाताशी येईल, मी हे समजूत काढायला लिहीत नाहीये. तोवर हायड्रॉक्सीयुरिया हे त्याचं रोजचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही, पाणी भरपूर, थंडीत कान झाकायचे, आणि ताप आला की घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

पैसे पाठवलेत. त्यातून आधी वहिनीच्या गहाण ठेवलेल्या बांगड्या सोडवून आणा, उरलेले सोहमच्या नावावर राहू दे. मला कमी पडत नाही, उगाच परत पाठवायच्या गोष्टी करू नका.

आणि नागपूरच्या स्थळाचं. फोटो बघितला, बोलायला माझी ना नाही. पण आधी मुलाची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनची सविस्तर रक्तचाचणी. सिकलचा वाहक नाही एवढ्यावर भागत नाही, थॅलेसेमियाचा वाहक असला तरी माझ्यासोबत अडचण होते, म्हणून फक्त सिकल पकडणारी साधी सोल्युबिलिटी टेस्ट पुरणार नाही. मी वाहक आहे हे आत्याने त्यांना सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा. आई म्हणेल स्थळ हातचं जाईल, तर जाऊ दे. दादा-वहिनीचे छत्तीसातले अठ्ठावीस गुण जुळले होते, रक्त कोणी बघितलं नाही, आणि दोघंही वाहक असले की दर खेपेला बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता असते. वहिनीने दुसऱ्या वेळी किती भीत भीत दिवस काढले ते मला माहितीये, मी फोनवर नुसतं होईल गं सगळं नीट म्हणत होते.

दिवाळीला यायचं बघते, व्हिसाच्या स्टँपिंगचं काय ते कळलं की तिकीट काढेन. मुलाचा रिपोर्ट आला की व्हॉट्सॲपवर टाका, आत्याच्या तोंडी निरोपावर नको.

तुमची,
मनू