ए-१५ की ए-१६

नागपूर,
दि. १२ मे

चि. सुबोध यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू तीन गोष्टी सांगितल्यास. छातीच्या एक्स-रेत उजव्या बाजूस वर सावली दिसते आहे, तुमच्या वरिष्ठांनी ती पाहून लगेच क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि यातले काहीही कोठे नोंदवायचे नाही. तू आवाज शांत ठेवलास, म्हणून मीही शांतपणे ऐकून घेतले. त्या वेळी जे बोलता आले नाही ते लिहून पाठवते आहे. औषधाविषयी उपदेश करायचा नाही असे मी ठरवले आहे. तू डॉक्टर आहेस आणि मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून, केसपेपरवर आजारांचे कोड लिहिण्याच्या कामातून, निवृत्त झालेली बाई आहे, हा फरक मला कळतो.

परंतु थुंकी तपासली का, या माझ्या प्रश्नाला तू "खोकला कोरडाच आहे, एक्स-रे पुरेसा आहे" असे उत्तर दिलेस, ते माझ्या मनातून जात नाही. तुझा केसपेपर आमच्या टेबलावर आला असता तर मी काय लिहिले असते, हाच विचार काल रात्री माझ्या डोक्यात आला. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत श्वसनसंस्थेच्या क्षयाला दोन घरे दिलेली आहेत, हे तुला परीक्षेपुरते तरी आठवत असेल. जंतू किंवा ऊतींचा पुरावा मिळाला तर ए-१५, नाही तर ए-१६. ए-१५ च्या आतही थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले असतील तर ए-१५.०, आणि केवळ कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, वाढले असतील तर ए-१५.१. ए-१६ चे पोटविभाग मला नेहमीच अधिक बोलके वाटत आले. तपासले आणि काही सापडले नाही तर ए-१६.०, तपासलेच नाही तर ए-१६.१, आणि तपासल्याचा वा न तपासल्याचा काही उल्लेखच नसेल तर ए-१६.२. न केलेल्या तपासणीलाही स्वतंत्र क्रमांक देणारी ही यादी ज्यांनी केली, ती माणसे माझ्या मते फार प्रामाणिक होती. आज तुझ्या नावापुढे ए-१६.१ आहे. जंतू कोणता, तो रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हे कोणालाही ठाऊक नसताना तू रोज रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेतो आहेस.

कोरड्या खोकल्यातही खारट पाण्याची वाफ देऊन थुंकी काढता येते आणि सीबीनॅटचा, म्हणजे थुंकीतल्या जंतूच्या जनुकीय चाचणीचा, निकाल दोनेक तासांत हाती येतो, हे मी तुला सांगावे यात काही शोभा नाही. गोळ्या आत्ताच सुरू झाल्या आहेत. जितके दिवस जातील तितके जंतू सापडणे अवघड होत जाईल, हेही तुला माहीत आहे. पाहा, उपदेश करायचा नाही असे ठरवले होते. क्षमा कर.

आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत असे, की कोड लिहिणाऱ्याला अंदाज करण्याचा अधिकार नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ च्या वर गेला की रस्त्याच्या कामावरून, विटांच्या भट्टीवरून माणसे बेशुद्धावस्थेत आणली जात. डॉक्टरांनी 'उष्माघात' लिहिले असेल तर टी-६७.० आणि त्याच्या जोडीला बाह्य कारण म्हणून एक्स-३०. नुसते 'तीव्र ताप' लिहिले असेल तर आर-५०.९, आणि त्या माणसाच्या आजारपणातून नागपूरचे ऊन पार पुसले जाई. माणूस कशाने पडला ते आम्हा सगळ्यांना दिसत असे. तरी जे कागदावर नाही ते आम्ही लिहू शकत नव्हतो. मग मी केसपेपर घेऊन वॉर्डात जात असे आणि तुझ्याच वयाच्या निवासी डॉक्टरांच्या मागे लागत असे. ते मला टाळत, हेही मला कळत असे.

इंटर्न असताना तू पहिल्यांदा नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरलास त्या रात्री मला फोन करून विचारले होतेस, की पहिल्या भागाच्या 'अ' ओळीत हृदयक्रिया बंद पडणे लिहू का. मी म्हणाले, हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ते लिहिलेस तर आय-४६.९ होईल आणि त्यातून कोणाला काहीच कळणार नाही. मग तू 'अ' मध्ये श्वसनक्रिया निकामी होणे, 'ब' मध्ये फुप्फुसाचा क्षय आणि दुसऱ्या भागात मधुमेह, असे प्रत्येकाच्या कालावधीसह लिहिलेस आणि ते मला वाचून दाखवलेस. ज्या आजारापासून ही साखळी सुरू झाली तोच मृत्यूचे मूळ कारण म्हणून मोजला जातो, आणि म्हणून सर्वांत खालची ओळ सर्वांत महत्त्वाची असते, हे त्या रात्रीनंतर तुला पुन्हा सांगावे लागले नाही. त्या फोनचा मला किती अभिमान वाटला ते मी तुला बोलून दाखवले नव्हते. माई आत्याला मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. तोच मुलगा आता स्वतःच्या आजाराविषयी "कागदावर काही येऊ देऊ नकोस" असे म्हणतो, हे मला समजून घेता येत नाही.

क्षय नोंदवणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे, खासगीत उपचार घेतले तरीही. निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नाव गेले म्हणजे विभागात बोभाटा होईल, पुढे लग्न ठरताना कोणी विचारील, असे तुला वाटत असेल. मंजूच्या सासरचे काय म्हणतील, हेही तुझ्या मनात आले असेल. पण तुझ्यासारखी मुले दिवसरात्र त्या वॉर्डात खोकणाऱ्यांच्या तोंडाशी वाकून असतात. क्षयरुग्णाचा संपर्क म्हणून झेड-२०.१ हा कोड तर तुला पहिल्या वर्षापासूनच लावता आला असता. यात लाजण्यासारखे काय आहे? तुम्ही सगळेच लपवत राहिलात, तर निवासी डॉक्टरांना हा आजार होतो हे कोणत्या तक्त्यात दिसणार, आणि वॉर्डाच्या खिडक्या, मास्क, तुमच्या ड्यूटीचे तास यांविषयी कोणी कशाच्या आधारावर बोलणार?

आजारांची जागाही कायमची नसते, हे मला या कामात फार आवडे. लंडनच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार यांनी एकोणिसाव्या शतकात जे वर्ग पाडले, त्यात क्षय साथीच्या रोगांत नव्हता. तो माणसाच्या प्रकृतीतला, घडणीतला दोष समजून वेगळ्या वर्गात ठेवलेला होता. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जंतू दाखवला आणि पुढे क्षय संसर्गजन्य रोगांत आला. जाक बर्तियाँ यांची मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोच्या बैठकीत स्वीकारली गेली आणि तिच्यातूनच आजचे वर्गीकरण वाढले. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ते मुख्यतः मृत्यूंचेच होते, म्हणजे तोवर त्या यादीत शिरायला माणसाला मरावेच लागे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तर ब्रेन स्ट्रोक रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून उठून मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला. मात्र आपल्या घरातली माणसे अजून फारांच्याच काळात आहेत. कोणाला क्षय झाला म्हटले की त्या घराण्यातच काही खोट आहे, असे आपण समजतो.

आबाजींचे तुला कोणी नीट सांगितले नाही. नागपूरला एक्स-रे झाला होता, इंजेक्शने सुरू झाली होती, वजनही वाढू लागले होते. मग काटोलला मृग बहाराची तोडणी आली, व्यापारी दारात उभा राहिला, आणि "आता मला बरे वाटते" म्हणून ते मळ्यात गेले ते इंजेक्शनांसाठी परत आलेच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात घरीच गेले. मृत्यूच्या नोंदीत 'वार्धक्य' लिहिले आहे, म्हणजे आमच्या यादीप्रमाणे आर-५४. साठीही गाठली नव्हती त्यांनी. तो कागद माझ्या कपाटात आहे. अशी माणसे थोडी नाहीत. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांचे कारण कोणी तरी सांगितले आणि कोणी तरी लिहिले, किंवा तेही नाही.

म्हणून मला तुझ्या त्या शांत आवाजाची भीती वाटते. दोन महिन्यांत तुला बरे वाटू लागेल, ताप उतरेल, ड्यूट्या वाढतील, परीक्षा जवळ येईल. आणि ज्याची कोठे नोंदच नाही त्याच्या गोळ्या संपल्या की नाहीत हे विचारायला फोन करणारे कोणी नसेल. नोंद असेल तर सहा महिन्यांत गोळ्या चुकवल्यास कोणी तरी हटकेल. मी रोज विचारीन, पण तू मला "हो" म्हणशील हे मला माहीत आहे. तू लहानपणीही दुधाचा पेला मोरीत ओतून "प्यालो" म्हणत होतास, आणि मी ते चालवून घेत असे.

तेव्हा उद्या सकाळी थुंकी दे आणि निक्षयचा क्रमांक मला कळव. निकाल काहीही येवो. ए-१५ आला तर मला बरेच वाटेल, म्हणजे निदान कोणी तरी पाहिले असे होईल. रजा मिळाली तर पंधरा दिवस इकडे ये. ऊन फार आहे, तरी मागची खोली थंड राहते आणि तेथे वाराही येतो. अंडी खात जा.

तुझी,
आई

ता. क. बाबांना मी अजून काही सांगितलेले नाही. ते तू स्वतः सांग, आणि एक्स-रेचा फोटो त्यांना न पाठवता मला पाठव. विदर्भ एक्सप्रेसने पुसदकरांचा नातू शुक्रवारी निघतो आहे, त्याच्याबरोबर तीळ-जवसाची चटणी आणि तुझी जुनी चादर देते.