हाफ तिकीट

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात स्टँडअप कॉमेडीबद्दल एका ज्येष्ठ वाचकाचं पत्र आलं होतं. माईक हातात धरून दिलेल्या शिव्या म्हणजे स्टँडअप, असा एकंदर सूर. महिन्याभरापूर्वी त्या पत्राखाली मीही सही केली असती. पण मधल्या काळात नातीने मला पुण्याला नेऊन असा एक कार्यक्रम दाखवला. तिकीट साडेचारशे रुपये. साताऱ्याहून जायचा खर्च मात्र शून्य, कारण पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. एकतीस वर्षं एस.टी.त वाहक म्हणून लोकांची तिकिटं फाडली आणि आता वाहक पोरगी माझ्या हातावर शून्य रुपयांचं तिकीट ठेवते, ही गंमत वेगळीच.

कलाकार तिशीतला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर थोडी तक्रारही करायची आहे. विषय एवढाच, की आपण वर्षभर चांगलं माणूस व्हायचं ठरवलं आणि ते कसकसं फसलं. सिंहगड चढताना वाटेत वेफर्सचं रिकामं पाकीट दिसलं. याने वाकून उचललं आणि मागे पाहिलं तर कुणीच नाही. मग पाकीट होतं तिथे परत ठेवलं आणि मागून येणाऱ्या घोळक्याची वाट बघत दगडावर बसून राहिला! रक्तदानाला गेला तर आधी कॉटवर आडवं होऊन, मूठ आवळून फोटो काढला आणि लगेच टाकलाही. नंतर हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. फोटो काही काढून टाकला नाही, कारण तोवर दोनशे लाईक आले होते. मी डोळे पुसत हसत होतो.

मग तो हाफ तिकिटावर आला. लहानपणी एस.टी.त वडील बजावायचे, कंडक्टरने विचारलं तर चार वर्षांचा आहे म्हण. हा तेव्हा आठ वर्षांचा. सभागृह हसून कोसळलं. नात माझ्याकडे बघायला लागली, कारण मी हसायचा थांबलो होतो.

ज्यांनी गाडीत तिकिटं फाडली नाहीत त्यांना हे कळायचं नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट आणि पाच ते बारा अर्धं तिकीट. माणूस किती चांगला, हे त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत रोज दिसायचं. गळ्यात चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, पंचाची टकटक करत सीटपाशी जायचं, तर पोरगं आईच्या मांडीवर घेतलेलं आणि त्याचे पाय पार खाली टेकलेले. "किती वर्षांचा गं?" "चार." पोराच्या शर्टाच्या खिशाला शाळेचा बिल्ला. एकदा दहिवडी गाडीत एक पोर स्वतःच ओरडलं, "चार काय, मी दुसरीत आहे!" बापाने त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पोर सातारा स्टँडपर्यंत मुसमुसत होतं. हाफ तिकीट मी फाडलं, नियम तो नियम. पण बाप उसाच्या फडातून आलेला, पायात चप्पल नाही. त्या दिवशी गाडीत चांगलं कोण वागलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बापाची फजिती म्हणून हा किस्सा सांगितला की हशा मिळतो. त्या पोराच्या बाजूने सांगितला तर काय मिळेल, हे त्या कलाकाराने एकदा करून बघावं, एवढंच माझं म्हणणं.

शिव्यांबद्दल लिहिणाऱ्या गृहस्थांना एक आठवण करून देतो. माझ्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलं होतं. मी फक्त ध्वनिमुद्रण ऐकलं आहे, १९५६ साली बाबा गेले त्याच्या महिना-दीड महिना आधी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या शेवटच्या कीर्तनाचं. बाबा प्रवचन झोडत नाहीत. ते प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात आणि आपल्याच उत्तरात अडकून हसतात. नात म्हणते याला हल्ली क्राउड वर्क म्हणतात. म्हणा बापडे. म्हणजे समोरच्याला हसवता हसवता त्याचंच वागणं त्याच्यापुढे ठेवणं आपल्याकडे नवं नाही, आणि बाबांची जीभही काही साखरेत घोळलेली नव्हती.

फरक दिसला तो दुसरीकडे. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर रस्ते झाडायचे आणि कीर्तन रात्री. पाया पडायला कुणी वाकला तर काठी उगारायचे. या मुलाचं उलटं होतंय असं मला वाटलं. कबुली आधी, तिच्यावर हशा, हशावर टाळ्या, आणि टाळ्या मिळाल्या की जणू हिशोब मिटला. पाकीट त्या दगडापाशीच. पाचशे माणसांसमोर स्वतःची लबाडी सांगायला धैर्य लागतं हे मान्य, पण त्याची पावतीही तिथल्या तिथे हातात पडते.

आणि पहिल्या रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या माणसाला त्याने दहा मिनिटं सोडलं नाही. तो बिचारा बायकोशेजारी बसून हसत होता. म्हणजे काय करणार? चांगुलपणाच्या कार्यक्रमात तेवढं नको होतं. स्वतःवर बोलताना हा मुलगा जितका उंच जातो, तितकाच दुसऱ्यावर बोलताना सामान्य होतो.

आता दुसऱ्याला सांगतो आहे तर माझंही ऐका. सुटे नसले की आम्ही राहिलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचो आणि प्रवाशाने उतरताना मागून घ्यायचे. १९८३ सालची गोष्ट. एका म्हातारीच्या तिकिटावर मी बारा रुपये लिहिले होते. गोंदवल्याला ती मागच्या दाराने उतरली. डोक्यावर बोचकं, हातात कोंबडी, तिकीट कनवटीला. पैशाचं ती विसरली हे मला दिसलं. जास्तीचे पैसे डेपोत भरायचे असतात, तेही मला ठाऊक होतं. खिडकीतून हाक मारली असती तर ती दहा पावलांवर होती.

मी डबल बेल दिली.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक, सातारा