रिडेव्हलपमेंट: रविवारची मीटिंग विसरू नका

मंडळी, रविवारी सकाळी 10 ला गच्चीवर या, कोणाशी कोणी आणि कधी बोलायचं ते ठरवायचंय. (ही एसजीएम, म्हणजे सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा, नाही, तिची नोटीस 14 दिवस आधी वेगळी येईल.) सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या 2019 च्या नियमांप्रमाणे 51 टक्के मेंबरांची संमती पुरते हो, पण उरलेले पण आपलेच शेजारी ना, नंतर कोर्टात भेटण्यापेक्षा आत्ता चहावर भेटलेलं बरं. खालचे दुकानदार, परदेशातले मेंबर, भाड्याच्या घराच्या धास्तीने झोप उडालेले आजी-आजोबा, प्रत्येकाचं टेन्शन वेगळं, सगळ्यांना एकच पीडीएफ ढकलून चालणार नाही. फ्लॅटवर लोन असेल त्यांनी सेक्रेटरींना कळवा, बँकेशी पण बोलावं लागेल. आणि बिल्डरच्या माणसाशी परस्पर काही बोलू नका प्लीज, मागच्या वेळी तीन जणांना नव्या फ्लॅटचे तीन वेगळे एरिया सांगितले होते!