सावकाश होऊ द्या

नाशिक,
१२ जानेवारी २०२६

प्रिय नंद्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनवर दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो आणि जमेना, म्हणून सकाळी सरळ कागद घेतला. इथे थंडी कडक पडलीय. गच्चीत उन्हाला बसून लिहितोय.

ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पुढचं वाचून वाईट वाटलं. "डॉक्टरांनी तेलकट-तिखट बंद केलंय. पंचवीस तारखेला तुम्ही सगळे मिसळ खाणार आणि मी समोर हात बांधून बसणार. तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही आणि हॉटेलवाल्यालाही बरं वाटणार नाही, त्यापेक्षा मी पुढच्या वेळी येतो." असं तू लिहिलंस. तूच लिहावंस, याचं मला जास्त लागलं. का ते सांगतो.

९४-९५ साल आठव. वडिलांची सातपूरची कंपनी बंद पडली होती. शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की आपण पाच जण कॉलेज रोडवरच्या त्या टपरीवजा हॉटेलात जायचो. मी दर वेळी म्हणायचो, "माझं घरून खाऊन झालंय." तू कधीच "असं कसं?" विचारलं नाहीस. पोऱ्या आला की तू सरळ सांगायचास, "तीन मिसळ, दोन कटिंग." एक कटिंग माझं, एक तुझं. नंद्या, मला दोन वर्षं खरंच वाटत होतं की तुला मिसळ आवडत नाही. मला शिकवणीचे पहिले पैसे मिळाले आणि मी पाच मिसळ सांगितल्या, त्या दिवशी तू रश्शाच्या तीन वाट्या रिचवल्यास. तेव्हा मला कळलं की दोन वर्षं तू काय करत होतास. त्यावर आपण आजवर एक अक्षर बोललो नाही. आज लिहून टाकतो.

तर काही न मागवता टेबलावर कसं बसावं हे मी तुझ्याकडून शिकलो, आणि आता तूच विचारतोयस की बसलो तर चालेल का. चालेल. पण तुझ्या मेसेजमधली हॉटेलवाल्याची काळजी खोटी नाही, तेव्हा तिच्याबद्दल आधी लिहितो.

गंगापूर रोडची मिसळ आता आपल्या वेळची राहिली नाही. मळ्यात, झाडाखाली टेबलं, खाटा, लहान मुलांना झोके, आणि रविवारी दारात वहीत नाव लिहून थांबायचं. नऊ ते बारा तर पाय ठेवायला जागा नसते. पंचवीसला रविवार आणि सव्वीसची सुट्टी, म्हणजे मुंबईच्या गाड्यांची रांग लागणार. अशा वेळी आठ खुर्च्या अडवून पाचच मिसळ मागवल्या, तर बाहेर भुकेलं लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईची जागा आपण खाल्ली असं मला वाटतं. यावर उपाय सोपा आहे: लवकर जायचं. साडेसातला निम्मी टेबलं रिकामी असतात, मालकही निवांत असतो. आत शिरतानाच सांगायचं, "आठ जण आहोत, सहा जण खाणार, दोघांना चहा." आधी सांगितलं की कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. सगळे बसल्यावर, पाणी आल्यावर, वेटर पेन घेऊन उभा राहिल्यावर एकेकाने "मला काही नको" म्हणायचं, यात त्या माणसाचा वेळ जातो आणि नको म्हणणाराही उगाच उघडा पडतो.

तिथे पाटी असते ना, एक मिसळ दोघांत मिळणार नाही म्हणून. पूर्वी मला ती पाटी कंजूष वाटायची. पण हिशोब बघ. आपल्याकडे ताटात मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड, कुठे जिलबीचा तुकडा, हे सगळं मोजून येतं. रस्सा मात्र मोजून नसतो. पोरगा बादली घेऊन फिरतो आणि वाटी रिकामी दिसली की न विचारता ओततो. ज्याने पाव बुडवला त्याने पैसे दिलेत, या एकाच भरवशावर ती बादली फिरते. एक मिसळ, आठ पाव आणि रश्शावर तीन माणसं, असं बसणारे मी पाहिलेत. पोराला दोन घास भरवले किंवा चव बघायला एकदा पाव बुडवला, त्याला कुणी काही म्हणत नाही, म्हणूही नये. पण "मी खाणार नाही" म्हणायचं आणि दुसऱ्याच्या वाटीवर पोट भरायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा सरळ एक मिसळ मागवावी. थाळीच्या हॉटेलात तर वाट्या मांडायच्या आधीच सांगावं. एकदा ताट वाढलं की ते बिलात धरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तुझ्यासारख्याने काय मागवावं? चहा, ताक, काहीही. भूक नसली तरी. तो चहा म्हणजे खुर्चीचं भाडं आहे असं समज. शिवाय हातात कप असला की माणूस टेबलाचा होतो, त्याला हात कुठे ठेवावेत हा प्रश्न पडत नाही. ते दोन कटिंग मला म्हणून तर आठवतात. आणि उठताना वेटरला चार पैसे जास्त ठेवायचे. सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ते योग्यच झालं. पण मग आपण स्वखुशीने काय ठेवतो याला वजन येतं. आठ माणसांचं टेबल पुसायला त्याला तितकेच कष्ट पडतात, मिसळ पाच गेल्या की आठ याने फरक पडत नाही.

आता बिलाचं, कारण ते मला अजून सलतंय. मागच्या श्रावणात आम्ही आठ जण असेच गेलो होतो. तिघांचा चातुर्मास, कांदा-लसूण बंद, म्हणजे मिसळीचा प्रश्नच नव्हता. पाच मिसळ, चार चहा. मिसळ १४० रुपये, चहा २० रुपये. ७८० आणि वर पाच टक्के जीएसटी, एकूण ८१९. आपल्यातला एक मोठ्या मनाने म्हणाला, "शंभर-शंभर काढा, वरचे एकोणीस माझे." सगळ्यांनी काढले. ज्यांनी मिसळ खाल्ली त्यांच्या वाट्याला खरे १४७ येत होते. ज्यांनी चहा घेतला त्यांचे २१. म्हणजे ज्यांचं व्रत होतं त्यांनी आमची मिसळ स्वस्त करून दिली, आणि वाहवा एकोणीस रुपयांची झाली. त्या तिघांतल्या एकीची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली होती. तिने पर्समधून दहा-दहाच्या नोटा मोजल्या. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. मी गप्प बसायला नको होतं, नंद्या. मला तर ती पर्स कळायला हवी होती. तेव्हापासून मी ठरवलंय, बिल आलं की मी हातात घेतो आणि म्हणतो, "चहावाल्यांनी पैसे काढायचे नाहीत, खाल्लेल्यांनी वाटून घ्या." चहावाल्याला द्यायचेच असतील तर तो स्वतःहून देईल. पण "समान वाटा" हे पहिलं वाक्य टेबलावर पडता कामा नये. एकदा पडलं की ज्याला परवडत नाही त्याला तोंड उघडता येत नाही.

आणि आग्रह. आपल्या लोकांचा आग्रह मला मनापासून आवडतो. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन यजमान समोर उभा राहतो तेव्हा बरं वाटतं. पण तो त्याचा अधिकार आहे. अन्न त्याने रांधलंय, घर त्याचं आहे. हॉटेलात आपण सगळे सारखेच पाहुणे. तिथे "अरे एक घास", "एवढ्याने काय होतंय", "डॉक्टर काय सगळंच सांगतात" हे सुरू झालं की समोरच्याला आपलं दुखणं, आपला खिसा, आपलं व्रत चारचौघांत उलगडून दाखवावं लागतं. एकदा विचारावं, "काही घेणार?" नाही म्हणाला की विषय संपला. का नाही, हे तर विचारूच नये. पंचवीसला तुला कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. मी सगळ्यांना सांगितलंय. ऑपरेशनचं सांगितलेलं नाही, ते तुझं तू बघ.

एका माणसाला मात्र मी हा नियम लावत नाही. माझ्या आईला. तिला हॉटेलात नेलं की तिचं ठरलेलं वाक्य, "मला काही नको रे, तुमच्यातलाच घास घेईन." तिला भूक असते. मेन्यूकार्डावर तिची नजर आधी उजवीकडे, आकड्यांवर जाते, हे मला चाळिशी उलटल्यावर दिसलं. तिने आयुष्यभर सगळ्यांची ताटं उचलल्यावर, गार झालेलं खाल्लं, आणि आम्ही ते तिला आवडतं असं धरून चाललो. तिच्यासाठी मी न विचारता मागवतो. ती रागावते आणि सगळं संपवते. तेव्हा टेबलावर कुणी बाई "मला नको" म्हणाली की मी जरा थांबून बघतो, हे "नको" कुठून आलंय. काकूंना आणणार असशील तर त्यांच्याकडे लक्ष ठेव.

तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मला परवा सुचलं. तू म्हणालास, मी समोर नुसता बसलो तर तुम्हाला घास उतरणार नाही. आपल्या जुन्या पंगती आठव. तुझ्या ताईच्या लग्नात वाड्यात पाट मांडले होते. "वदनी कवळ घेता" झालं, सगळ्यांनी हात घातला, आणि तुझे आण्णा उपाशीपोटी ओळींमधून फिरत होते. हात जोडून म्हणत होते, "सावकाश होऊ द्या." त्या माणसाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पण त्यांच्याकडे बघून कुणाचा घास अडकला का? उलट ते म्हणाले म्हणून लोक निवांत जेवले. न खाणाऱ्या माणसाची आपल्याकडे अशी एक जागा आहे. आपण ती हॉटेलात विसरतो, आणि तो बिचारा मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, खाणारे घाईघाईने गिळतात.

म्हणून तू फक्त एवढं कर. ताटं आली की दोन माणसांचं आधी येईल, बाकीच्यांचं दहा मिनिटांनी. आपले लोक ताटाकडे बघत थांबतील, शेव मऊ पडेल. पहिलं ताट टेकलं की तू म्हणायचं, "सुरू करा, सावकाश होऊ द्या." बाकी कुणी म्हणण्यापेक्षा तू म्हणालेलं बरं दिसेल, कारण तुझ्यासमोर ताट नसेल. मग गप्पा मार. कुणाचा रस्सा संपला तर बादलीवाल्या पोराला हाक मार. आणि कुणी खाताना "तुझ्यासमोर खायला बरं वाटत नाही" असं म्हणायला लागला तर त्याला थांबव. ते बोलणं प्रेमाचं असतं, पण ते ऐकून न खाणाऱ्यालाच समजूत काढत बसावं लागतं.

मी त्या दिवशी तुझ्याबरोबर नुसता चहा घ्यावा का, याचाही विचार केला. फेडायचं असतं तर तेच बरोबर दिसलं असतं. पण तुला मी ओळखतो, तू त्यानेच हिरमुसशील. तेव्हा मी मिसळ खाणार. पूर्ण, जास्तीची तर्री घेऊन. त्यानंतर चहा दोन येतील, एक माझा.

शनिवारी संध्याकाळच्या पंचवटीने कल्याणहून बस, मी नाशिकरोडला घ्यायला येतो. रात्री घरी मुगाची खिचडी, बिनतेलाची, आईने आत्ताच ठरवलंय. रविवारी सातला अशोकस्तंभावर सगळे जमतील. स्वेटर आण, डोंबिवलीच्या हवेवर जाऊ नकोस. तिळगूळ इथे ठेवलाय तुझ्यासाठी, तो तरी चालतो का ते डॉक्टरांना विचारून ठेव.

तुझा,
बाळ्या