सगळेच मायकोबॅक्टेरिया टीबीचे नसतात हो!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मायकोबॅक्टेरिया (जंतूंचं एक घराणं) म्हटलं की लोकांना डायरेक्ट टीबीच आठवतो, पण त्याच घराण्यातला मायकोबॅक्टेरियम फ्लेई बघा ना, लॅबमध्ये टीबीच्या जंतूची कॉलनी (नुसत्या डोळ्यांना दिसणारा जंतूंचा पुंजका) दिसायला ३ ते ८ आठवडे लागतात आणि हा गडी आठवड्याच्या आत प्लेटवर हजर, तोही पिवळा-केशरी, बरेचदा सुरकुतलेला. रंग कॅरोटिनॉइडचा (गाजरात असतं तसं रंगद्रव्य), अंधारात वाढवला तरी येतोच! वर ५२ अंश सेल्सिअसलाही मजेत वाढतो, टीबीवाला तिथे वाढतच नाही. राहतो माती-गवतात, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण अ‍ॅसिड-फास्ट स्टेनमध्ये (अ‍ॅसिडनेही न निघणारा रंग देऊन जंतू बघायची तपासणी) दोघंही लालच, त्यामुळे नुसती लाल कांडी (कांडीच्या आकाराचा जंतू) बघून टीबीच असं छातीठोक सांगता येत नाही, कल्चर (जंतू वाढवून बघणं) नाहीतर जीन टेस्ट लागतेच.

– एक वाचक