रात्री दोनचा ठणका

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेलं निम्मं तुम्ही विसरता आणि उरलेलं निम्मं एकमेकांवर ढकलता, म्हणून हे कागदावर. वाचून झालं की फ्रिजला लावून ठेवा, फायलीत नको.

आधी एक मान्य करून टाकू. आईच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे आणि बाबांच्या कमरेचे मणके वयाप्रमाणे झाले आहेत. ते पुन्हा कोरे करकरीत होणार नाहीत. "महिन्यात दुखणं मुळासकट" म्हणणारा जो कोणी भेटेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपल्याला एवढंच साधायचं आहे की रात्री सलग चार-साडेचार तास डोळा लागावा. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त बोचतं, आणि जास्त बोचलं की पुढची रात्र मोडते. हे रहाटगाडगं कुठेतरी अडवायचं, आणि ते झोपेच्या बाजूने अडवणं सोपं पडतं.

तर तो दोनचा ठणका. आई, त्यात गूढ काही नाही. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास राहतो. तू ती गोळी साडेआठला जेवणावर घेतेस, म्हणजे दोन-अडीचपर्यंत ती उतरते. तेव्हाच चार तास एकाच स्थितीत पडून गुडघाही आखडलेला असतो. दोन्ही एकदम आलं की जाग येणारच. म्हणून 650 ची गोळी जेवणाबरोबर घेऊ नकोस, दहाला, आडवं होण्याच्या अर्धा तास आधी घे. ही रिकाम्या पोटीही चालते. दिवसात चारच्या वर नाही आणि दोन गोळ्यांमध्ये सहा तास. गुडघ्याच्या झिजेवर हिचा गुण बेताचाच असतो, पण पहिली झोप गाठून द्यायला पुरतो. फक्त एक हिशेब सांभाळ: सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत हेच औषध असतं, तेही या चारात धरायचं. यकृताचा त्रास कधी सांगितलेला असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांनाच विचार.

बाबा, तुमच्या पाठीच्या गोळीचं पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. असेक्लोफेनॅक 100, पॅरासिटामॉल 325. यातलं पहिलं पोटाला आणि मूत्रपिंडाला जड. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावाशेवटी 'एच' आहे, म्हणजे तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर लघवी वाढवणारं औषधही आहे. असेक्लोफेनॅक आणि ही दोन, अशी तिन्ही एका पोटात गेली की मूत्रपिंडाच्या गाळणीला लागणारा दाब तिन्ही बाजूंनी उतरतो. त्यात जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं, आणि ते चढेपर्यंत काही जाणवत नाही. (याच कुळातल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि 2006 साली आपल्याकडे ते गुरांना देणं बंद करावं लागलं. माणूस गिधाडाएवढा नाजूक नसतो, तरी औषधाचा स्वभाव ध्यानात यावा.) "दुखलं की एक" असं हिचं करू नका. दोन्ही पाकिटं एकत्र डॉक्टरांसमोर ठेवा आणि क्रिएटिनिन तपासून मगच ठरू दे.

गुडघ्याला त्यापेक्षा डायक्लोफेनॅकचं जेल बरं. लावलेल्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. मात्र आपल्याकडे ते अत्तरासारखं लावतात. एका गुडघ्याला एका वेळी निदान दोन ग्रॅम लागतं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम, अशा चार रेघा. दिवसातून तीनदा लावलं तर 30 ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला पाच दिवसांत संपते. तुमची दिवाळीपासून चालली आहे, यातच काय ते आलं. वाटीच्या पुढून आणि दोन्ही बाजूंनी लाव, हात धू, आणि त्यावर शेक देऊ नकोस. कातडी लाल झाली तर बंद. दोन्ही गुडघ्यांना चालू करण्याआधी तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. कमरेला या जेलचा फारसा उपयोग नाही, बाबा. दुखणारा भाग खूप आत असतो.

शेकाचं नीट ऐका, कारण भाजण्याचे प्रकार इथेच होतात. रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतायचं नाही. आधण आलं की गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा. पिशवी दोन तृतीयांशच भरा. मग ती ओट्यावर आडवी टेकवून, तोंड वर धरून, पाणी अगदी तोंडाशी येईपर्यंत हलकेच दाबा. आतली हवा निघून जाते आणि पिशवी गुडघ्यावर फुग्यासारखी घसरत नाही. बूच लावून मोरीत एकदा उलटी धरा. थेंब गळला तर वायसर गेला, पिशवी बदला. कडा चिरलेली जुनी पिशवी तर आजच टाकून द्या. वर पंचाचे दोन पदर गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटं, बस. पिशवी घेऊन झोपायचं नाही. डोळा लागल्यावर चटका कळत नाही. बाबा, तुमच्या तळपायांना मधुमेहाने बधिरपणा आला आहे, तिथे पिशवी अजिबात नको.

गुडघा सुजून गरम लागत असेल त्या दिवशी शेक उलटा पडतो. तेव्हा फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. निरगुडीचा पाला वाफवून शेकलं तरी चालेल, ऊब ती ऊबच. रुईचं पान मात्र नको, त्याचा चीक चोळून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. झोपण्याच्या तास-दीड तास आधी दहा मिनिटं चांगल्या ऊन पाण्याची अंघोळ केली तर शेकही होतो आणि झोपही लवकर लागते. अंघोळीनंतर हातापायांतून उष्णता बाहेर पडते, आतलं अंग थोडं निवतं, आणि झोपेला तेच हवं असतं.

उश्यांच्या बाबतीत तुमची बरोबर अदलाबदल झाली आहे. आई गुडघ्याखाली उशी घेते, बाबा घेत नाहीत. उलट हवं. गुडघ्याखालच्या उशीने लगेच बरं वाटतं खरं, पण रात्रभर वाकलेला गुडघा हळूहळू वाकलेलाच राहतो, पाय पूर्ण सरळ होईनासा होतो आणि चालताना लचकतो. आई, तू कुशीवर झोप आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घे, अशी लांब की घोट्यापर्यंत जाईल. नुसती गुडघ्यात धरली की पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळते. बाबा, तुम्ही उताणे झोपता, तर गुडघ्यांखाली तक्क्या घ्या. कमरेचा बाक कमी होतो.

आणि गादीखालची ती फळी काढा. कंबरदुखीला कडक बिछाना हा आपल्याकडे वेदवाक्य झालेला समज आहे. 2003 साली स्पेनमध्ये 313 जणांवर ताडून पाहिलं, तर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तुमची कापसाची गादी मध्ये खोल गेली आहे, फळी घातली तरी खोलगट ती खोलगटच. पिंजून भरून घ्या, चार इंच तरी व्हायला हवी. आणि झोपायचं पलंगावरच. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर येणारा भार हा वेगळाच जाच.

दिवसाचं थोडक्यात. पाय लांब करून बस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघ्याने ती खाली दाब, मांडीचा पुढचा स्नायू हाताला टणक लागला पाहिजे. पाच आकडे मोजून सोड. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास कोंडायचा नाही. ही गुंडाळी व्यायामापुरतीच, झोपताना नाही. आठवड्याने खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, पाच वेळा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत खाली आलं तर ठीक. त्याहून जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मे कर, पण बंद करू नकोस.

काठी ज्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो तिच्या विरुद्ध हातात. सगळे चुकीच्या हातात धरतात. उभं राहून हात मोकळा सोडला की मनगटाची घडी जिथे येते तेवढी तिची उंची, आणि खाली रबर हवंच. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. विळी ओट्यावर घ्यायला जमत नसेल तर सुरी. पूजा पाटावर नको, खुर्चीवर बसून केलेली देवाला चालते. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो, त्यामुळे संध्याकाळची फरसाणाची बशी हाही गुडघ्याचाच विषय आहे.

आता बाबांची झोपेची अर्धी गोळी. अल्प्राझोलाम दुखणं कमी करत नाही, फक्त गुंगी आणते. रात्री लघवीला उठताना त्या गुंगीतच तोल जातो आणि खुबा मोडतो. तरी आज वाचून उद्या बंद करू नका. महिनोन् महिने घेतलेली ही गोळी एकदम सोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. डॉक्टर काही आठवड्यांत उतरवत नेतील. दुखण्यासाठी कोणी ट्रामाडॉल लिहून दिलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, दोन्ही मिळून श्वास मंद करतात. झोपेसाठी एव्हिल (ॲलर्जीची गोळी) घेऊ नका, प्रोस्टेट वाढलेलं असताना लघवी अडते.

त्याऐवजी हे करा. सध्या तुम्ही साडेनऊलाच अंथरुणावर पडून राहता आणि झोप मात्र पाच तासांची, म्हणजे उरलेला वेळ दुखणं मोजण्यातच जातो. साडेदहाला आडवे व्हा, साडेपाचला उठा, रात्र कशीही गेली असली तरी. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठून खुर्चीत बसा. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. दुपारची झोप अर्धा तास आणि तीनच्या आत. मालिकेसमोरची आठची डुलकी सगळ्यात वाईट, रात्रीची झोपेची भूक तीच खाते. शेवटचा चहा चारला.

लघवीसाठी तीनदा उठणं हेही निम्मं पायांचं काम आहे. दिवसभर घोट्यांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं. दुपारी चार ते पाच या वेळात पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते संध्याकाळीच निघून जाईल. ती 'एच'वाली गोळी सकाळी घेता येईल का, विचारा. मोरीच्या वाटेवरचं पायपुसणं काढा आणि तिथे लहान दिवा लावा.

एक ताकीद. कोणी खेड्यातून आणलेली "जडीबुटीची पुडी" घेऊ नका. दोन दिवसांत जादू झाली तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. आधीच घेतली असेल तर लपवू नका आणि मनाने थांबवूही नका, डॉक्टरांना पुडीच दाखवा.

आणि या गोष्टींत माझ्या फोनची वाट पाहू नका: लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद अचानक गेली, गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजली. तेव्हा थेट दवाखाना. कोणत्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं आणि उतरत चाललेलं वजन असेल तर त्याच आठवड्यात.

सगळं एकदम सुरू केलं तर कशाने गुण आला ते कळणार नाही. या आठवड्यात फक्त गोळीची वेळ आणि उश्या. कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळी दोन आकडे लिहा: रात्री किती वेळा जाग आली, आणि उठताना दुखणं दहापैकी किती. बाबा, आईचा आकडा आईला विचारून लिहा. अंदाजाने भरायचा नाही.

तुमची,
छोटी