यंदाचं पुरुमेंत

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "पुरुमेंत झालं का गं?" आणि मी "हो हो" म्हणून विषय बदलला. खरं तर तेव्हा मी वर्तमानपत्र पसरून गालम्यातली, त्या बारीक सुक्या कोळंबीतली, वाळू निवडत बसले होते. फोनवर आई मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

शुक्रवारी रजा टाकली आणि पणजीहून शटलने म्हापशाच्या बाजाराला गेले. बाबा, दर मे महिन्यात बसमध्ये तुम्ही सांगायचात ना, की पुरुमेंत म्हणजे पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु', पावसाळ्याची बेगमी. यंदा ते मी शेजारच्या मुलीला सांगितलं. तिने मान डोलावली आणि कानात इअरफोन घातले. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून सुकं आत्ताच भरायचं, हे तिला ऐकवायचं राहूनच गेलं.

यादी तुमच्याच अक्षरातली नेली होती, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहिलेली. सोलं (आमसुलं) ३ किलो, चिंच ४ किलो, सुके बांगडे १००, कांद्याच्या माळा ६. वाचताना काही वाटलं नाही. ही यादी आजी होती, काका होते, आम्ही भावंडं होतो, तेव्हाची आहे, हे पिशव्या उचलताना कळलं.

आधी सोलं. आई, तू करायचीस तसंच केलं. एक सोल बोटांत दुमडून पाहिलं, मोडत नाही ना. मग बोट चाटलं. फार खारट लागलं तर आपण मिठाचेच पैसे मोजतो, हे तुझं म्हणणं. पहिल्या दोघींकडे मीठच होतं. तिसरी म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुजी आवय येवंक ना?" म्हणजे तुझी आई आली नाही का. बोट चाटण्यावरून ओळखलं तिने! तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पुण्याला भावाकडे आहेस, असं सांगितलं. भाव मात्र किलोला चारशेच्या खाली एक पैसा उतरवला नाही. मी घासाघीस सुरू केली तर "दितां तें घे आनी वच" म्हणाली. पैसे दिल्यावर मात्र वर दोन मुठी सोलं टाकली, "आवयक" म्हणून. ती वेगळ्या पुडीत ठेवली आहेत.

हरमलची मिरची चांगली मिळाली. कानाशी हलवली की बिया खुळखुळतात. चिंच बिया काढलेली, मीठ लावून गोळे केलेली. माडाच्या गुळाच्या काळ्या ढेपा दोनच घेतल्या. हल्ली कमी येतात आणि महागही वाटल्या. गालमो घाईत घेतला, त्याचं फळ वाळूच्या रूपाने मिळालंच. तू तो सुपात घेऊन पाखडून दाखवायला लावायचीस, माझं तेवढं धाडस झालं नाही.

आता खरी गोष्ट. "सुकं सकाळी, ओलं सांजवेळी" हा तुझा नियम पाळून मी आंब्यांसाठी चार वाजेपर्यंत थांबले. गावच्या बसची वेळ झाली की टोपल्या रिकाम्या करायची घाई होते. सकाळी डझनाला आठशे सांगितलेली मानकुराद चारशेला आली. इतकी खूश झाले की दोन डझन घेतली. घरी येऊन उघडते तर वरची सात-आठ मानकुराद, खालची कसली कोण जाणे, लालसर, नितळ, पाण्याच्या चवीची. बाबा, 'मालकोरादा' म्हणजे वाईट रंगाचा, त्यावरून मानकुराद, हे तुमचं दुसरं व्याख्यान मी लक्ष देऊन ऐकलं असतं, तर एवढी देखणी फळं बघूनच सावध झाले असते. २०२३ मध्ये मानकुरादला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणतात, ते टोपलीच्या तळापर्यंत पोचत नसावं. तळाला हात घालायचा, हे तू कधी शब्दांत सांगितलं नाहीस, आणि तू ते करताना मी नेहमी समोरच्या बांगड्या बघत असायचे. ह्यांनी साखर घालून रस केला आणि काही न बोलता प्याला. ते जास्त लागलं.

कांद्याच्या माळा न्हाणीजवळच्या वाशाला टांगल्या आहेत. तीन आमच्या, तीन कोणाच्या ते ठरायचंय. बांगडे शंभर आहेत आणि खाणारे आम्ही दोघं. भावाच्या सोसायटीत वासावरून कटकट होईल, नाहीतर निम्मे तिकडेच पाठवले असते. शेजारच्या काकू बुधवारी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर सोलं, मिरची आणि ती वेगळी पुडी देते.

चिंचेची मोठी बरणी सापडली, तिचं झाकण कुठे ठेवलंयस? आणि मीठ नुसतं तळाला घालायचं की प्रत्येक थराला? काकूंच्या हाती चिठ्ठी पाठव. फोनवर सांगितलंस तर मी पुन्हा अर्धंच ऐकेन.

तुमची,
बाय